लोहार चाळीची पेटी

१

पेटीचं झाकण निघालं आणि पहिलं हसू फुटलं ते मागच्या बाकांवरच्या पालकांना.

दौलतसिंह वायरमनने वरचा भुसा दोन्ही हातांनी बाजूला सारला, आत चाचपलं आणि बाहेर काढला तो फरशीचा ओबडधोबड तुकडा. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग दुसरा तुकडा निघाला. मग फुटकी कौलं, पुन्हा दगड, पुन्हा भुसा.

"बाईजी," तो म्हणाला, "इसमें तो पत्थर हैं."

राजलक्ष्मीबाई दिघे व्यासपीठावर उभ्या होत्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या कन्याशाळेच्या त्या मुख्याध्यापिका. ही पेटी त्यांनीच कॅटलॉग पाहून, टपालाने ऑर्डर धाडून, मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका दुकानातून मागवली होती. तिच्यात काय असायला हवं ते त्यांनी सभेला आधीच वाचून दाखवलं होतं: वायरची वेटोळी, होल्डर, प्लग आणि दिव्यांचे काळे बॅकेलाइटचे खटके. शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत वीज यायची होती ती या सामानावर. टपालाने विजेचा माल मागवणं म्हणजे मुलगी न बघता सोयरीक करणं, असं सगळा गाव म्हणत होता, म्हणून पेटी सगळ्यांसमोर उघडायचा हट्टही त्यांचाच.

"झालं समाधान?" शाळा समितीचे चिटणीस मुकुंदराव पहिल्या रांगेतून म्हणाले. आवाज मऊ होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "मुंबईवाल्यांच्यात बाईंचाही हिस्सा असेल."

"हे ज्यांनी म्हटलं त्यांनी उभं राहून म्हणावं," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

कोणी उभं राहिलं नाही. सभागृह रिकामं व्हायला लागलं.

छप्पन साल होतं आणि वेळ वाईट होती. नोव्हेंबर लागला की मध्य भारत राज्य नकाशावरून जाणार होतं आणि कचेऱ्या भोपाळला हलणार होत्या. शिक्षण खात्याचे निरीक्षक त्याआधी शेवटचे येणार होते. प्रयोगशाळा चालू दिसली तर मुलींना मॅट्रिकला सायन्स मिळणार होतं. नाही दिसली तर शाळेची फाइल इतर हजार फायलींबरोबर भोपाळच्या गाडीत चढणार होती, आणि तिथे तिला वाली कोण?

राजलक्ष्मीबाई पेटीपाशी वाकल्या. झाकणावरची लाखेची मोहर त्यांनी स्वतः, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडली होती. मोहर शाबूत होती आणि माल नव्हता. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

२

संध्याकाळच्या आत मुकुंदरावांचं बोलावणं आलं. त्यांचं घर सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दिवाणखान्यात समितीचे अध्यक्ष संभाजीराव आधीच येऊन बसले होते. संभाजीराव रियासतीच्या फौजेतले. फौज संपली, पण मिशीचा पीळ राहिला होता. माणूस सरळ, फक्त कोणाचं मन मोडायला भारी घाबरणारा.

मुकुंदरावांची गोष्ट निराळी. दरबाराच्या वेळी ते खरेदी खात्यात होते, नंतर मोतीमहालातल्या सचिवालयात. भोपाळच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण कोणाच्या तरी हाताखाली.

"बाई, आपण बिलकुल मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "एक माफीनामा लिहून द्या आणि खरेदी पहिल्यासारखी माझ्याकडे सोपवा. नई सडकवरचा दुकानदार डोळ्यांसमोर असतो. माल खराब निघाला तर त्याचा कान धरता येतो. लोहार चाळीचा कान इथून कसा धरणार?"

"नई सडकवर मी गेले होते," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "रघुनाथरावांच्या दुकानात सांगितलं, मुकुंदरावांची चिठ्ठी आणा. पुढच्या दुकानातही तेच. शाळा आमची, गरज मुलींची आणि चिठ्ठी तुमची?"

"रीत आहे ती."

"मुंबईने चिठ्ठी मागितली नाही."

"आणि दगड पाठवले!"

संभाजीरावांनी घसा खाकरला. "बाई, दगड निघाले हे तर खरं ना?"

"अहो, दगड निघाले म्हणून सुटलात म्हणा," मुकुंदराव हसत म्हणाले. "माल निघाला असता तर जास्त फजिती होती. मुंबईवाले गोदामातला उरलासुरला माल बाहेरगावी खपवतात. तसले पितळी टोप्यांचे खटके मोतीमहालातून आम्ही केव्हाच उपटून फेकले. निरीक्षक म्हणाले असते, ही प्रयोगशाळा आहे की अजायबघर!"

संभाजीराव हसले. मुकुंदरावांच्या पत्नी मंदाताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातातली कपबशी किणकिणली आणि थोडा चहा बशीत सांडला. राजलक्ष्मीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचे कान रागाने तापले होते.

"मी माफी लिहिणार नाही," त्या उठत म्हणाल्या.

"मग शनिवारच्या बैठकीत आपला राजीनामा मागावा लागेल."

"शनिवारी मी चोर आणीन. राजीनामा कोणाचा घ्यायचा ते तेव्हा ठरवू."

जिन्याच्या तोंडाशी मंदाताई उभ्या होत्या. रस्ता द्यावा म्हणून सरकल्या आणि खाली बघत, ओठ न हलवल्यासारखं करून बोलल्या.

"बाई, माफी लिहू नका."

राजलक्ष्मीबाई वळेपर्यंत त्या आत गेल्या होत्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कचेरीचं दार लावून पेटीपाशी जमिनीवर बसल्या. पदर खोचला आणि भुसा मुठीत घेऊन उजेडात धरला.

गव्हाचा भुसा. आखूड, पिवळा, हाताला टोचणारा. ग्वाल्हेरात जिथे म्हैस तिथे हा. त्यांचं माहेर कोकणपट्टीतलं. मुंबईहून माहेरी येणारी काचेची भांडी कशात गुंडाळलेली असत हे त्यांना चांगलं आठवत होतं. लांब, मऊ, भाताच्या पेंढ्यात. मुंबईच्या दुकानदाराने दगडच पाठवायचे ठरवले, तरी त्यासाठी गव्हाचा भुसा तो कशाला शोधत बसेल?

म्हणजे दगड मुंबईचे नव्हतेच. ते इथले होते.

त्यांनी पेटी लोटून आडवी केली. झाकणाचे आणि बाजूंचे खिळे पावसाळी हवेने तांबूस झालेले. तळाच्या फळीचे मात्र लखलखत होते. मोहर झाकणावर राहिली होती, आणि चोराने पेटी पालथी घालून पोट फाडलं होतं.

"काय म्हणतेस?" त्या पेटीलाच म्हणाल्या. मग दौलतसिंहाला बोलावणं धाडलं.

दौलतसिंह तावातच आला. "मुझ पे शक है न? सबको है. स्टेशन से पेटी मैं ही तो लाया."

"शक असता तर पोलीस आले असते. बसा. सगळं नीट सांगा."

त्याने सांगितलं ते असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने पार्सल सोडवून टांग्यात घातलं. शाळेला कुलूप होतं, म्हणून नाइलाजाने पेटी वाटेतल्या रघुनाथरावांच्या दुकानात ठेवली. नाइलाज अशासाठी की तो पूर्वी त्यांच्याचकडे कामाला होता, भांडून बाहेर पडला होता आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दसऱ्याच्या सकाळी त्याने पेटी तिथून उचलली आणि शाळेत आणली. कचेरी मुकुंदरावांनी उघडून दिली.

"दुकानात रात्रभर होती," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "तिथेच कोणी माल काढला असेल तर?"

दौलतसिंहाने मान हलवली. रघुनाथरावांना दोष द्यायची आयती संधी होती, पण त्याने ती घेतली नाही. "नहीं बाईजी. झूठ क्यों बोलूँ? दूसरे दिन टांगे में भी वैसी ही बज रही थी."

"बज रही थी?"

"खनखन. पूरे रास्ते. घोडा तक बिदक रहा था."

राजलक्ष्मीबाईंनी पेटीकडे पाहिलं. सभागृहात ती सरकवत आणली तेव्हा धपधप असा मुका आवाज झाला होता. भुशात दाबलेले दगड खणखणत नाहीत.

४

रघुनाथरावांनी त्यांना दुकानाच्या पायरीवर पाहिलं आणि आधीच हात जोडले. "बाई, चिठ्ठीशिवाय माल नाही, हे सांगितलंय मी."

"माल नकोच आहे. पेटी तुमच्याकडे होती तेव्हाचं सांगा."

"माझ्याकडे? अहो, त्या दौलतने ती दाणकन आदळली. मी ओरडलो, अरे, आत काच फुटेल! तर आवाज कसला, भांड्यांच्या दुकानासारखा! सकाळी उचलून नेली तेव्हाही तोच तमाशा. त्याला विचारा. नको, त्याला नका विचारू, तो खोटं बोलेल."

राजलक्ष्मीबाईंना हसू आलं. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं, आणि दोघांची साक्ष एकच. पेटी शाळेच्या दारात भरलेली पोचली होती. माल गेला तो कचेरीतून.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "या चिठ्ठीमागे मुकुंदरावांना काय मिळतं?"

रघुनाथराव दुखावल्यासारखे झाले. "एक पैसा नाही. मी देईन म्हटलं तरी घ्यायचे नाहीत. फक्त सलाम घेतात. दुकानात आले की आम्ही सगळे उठून उभे राहतो. आता सरकार चाललं भोपाळला. जाऊ द्या, म्हातारा माणूस, उठतो आम्ही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाई, माझंही ऐका. तुम्ही कॅटलॉग बघून काळे खटके मागवले म्हणता. ते मुंबईत आहेतच कुठे? माझी ऑर्डर कधीची पडून आहे. कारखान्यातूनच येत नाहीत. इथे विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

"इथे विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठी मागितलीत."

रघुनाथरावांनी फडकं घेऊन गल्ला पुसायला सुरुवात केली.

काळे खटके मुंबईतच नसतील, तर पेटीत खणखणत काय होतं?

राजलक्ष्मीबाई तिथून उठल्या त्या थेट बाड्याच्या चौकातल्या टपालघरात. ट्रंक कॉल लागायला दुपार गेली. लोहार चाळीतला माणूस खरखरीतून ओरडत होता.

"काळे संपले होते, बाई! त्याच भावात पितळी टोपीचे घातले! जुनी पद्धत आहे पण मजबूत! पसंत नसतील तर परत धाडा, खर्च आमचा! तशी चिठ्ठी पेटीत वरच ठेवलीय ना!"

"पेटीत? वेगळं पत्र नाही धाडलंत?"

"माल जाणारच होता, म्हटलं त्यातच घालू!"

राजलक्ष्मीबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. रांगेतला माणूस "बाईजी, हो गया?" म्हणेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. चोर कोण ते आता त्यांना कळलं होतं. अडचण एवढीच होती, की त्याच्याविरुद्ध हातात होता तो एकुलता एक शब्द.

५

समितीची बैठक नेहमीप्रमाणे मुकुंदरावांच्याच दिवाणखान्यात होती. शनिवारी भर दुपारी खोली माणसांनी भरली. मुकुंदरावांनी कोरा कागद आणि दौत राजलक्ष्मीबाईंपुढे सरकवली.

"लिहायच्या आधी बोलू द्या," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. भुसा कसला होता ते सांगितलं, तळाचे खिळे सांगितले. दौलतसिंह आणि रघुनाथराव यांच्या साक्षी सांगितल्या तेव्हा दोन-तीन माना हलल्या, कारण त्या दोघांचं वैर साऱ्या नई सडकला ठाऊक होतं. "म्हणजे लोहार चाळीने फसवलं नाही, रेल्वेने नाही, दुकानदाराने नाही आणि वायरमनने नाही. माल दसऱ्याच्या सुट्टीत शाळेच्या कचेरीतून गेला. कुलूप तुटलेलं नाही. किल्ली मुकुंदरावांकडे असते."

खोलीत कुजबुज झाली. मुकुंदराव शांत होते.

"किल्ली माझ्याकडे असते," ते म्हणाले. "तशी आपल्याकडेही असते. आपण सुट्टीत इथेच होता. खरं ना?"

"खरं."

"मग आपल्याच हिशेबाने चोर दोघांतला एक. मी दरबाराची खरेदी पाहिलेला माणूस आणि आपण..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. सगळे राजलक्ष्मीबाईंकडे पाहू लागले. संभाजीरावांनी नजर खाली घातली.

"दोघांतला एक," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "हेच मला सर्वांकडून कबूल हवं होतं. आता अध्यक्षांना एक प्रश्न. संभाजीराव, मुंबईहून आलेल्या पेटीत खटके कसले होते?"

"कसले म्हणजे? पितळी टोप्यांचे. जुने."

"कोणी सांगितलं?"

"मुकुंदरावांनीच की. त्या दिवशी, इथेच. अजायबघर वगैरे म्हणाले..."

"मी काळे मागवले होते. ऑर्डरची नक्कल समितीने पाहिली आहे, सभागृहातही मी काळेच म्हटलं होतं. मुंबईत काळे संपले, म्हणून दुकानदाराने पितळी घातले. ते मलाही परवा ट्रंक कॉलवर कळलं. ही बदली कोणाला कळवलेली नव्हती. कळवणारी चिठ्ठी पेटीत होती. म्हणजे पेटीत पितळ आहे हे कोणाला माहीत असणार? ज्याने ती आतून पाहिली त्याला."

संभाजीरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. चोराचं नाव आपल्याच तोंडून निघालं, हे त्यांना हळूहळू उमगत होतं.

मुकुंदराव उठले. कपाळावर घाम होता, पण आवाज चढला.

"बोलण्याच्या ओघात एक शब्द गेला, तर मी चोर? जुन्या मालाचं उदाहरण दिलं मी! माल दाखवा. घ्या माझ्या घराची झडती! सात पिढ्यांत या उंबरठ्यावर शिपाई चढला नाही. संभाजीराव, द्या हुकूम!"

संभाजीरावांनी हात वर केला, तो हुकूम द्यायला नव्हे, नको म्हणायला. "अहो, झडती कसली? आपल्याच माणसाच्या घरात... बाई, शब्दावरून एवढं..."

तेवढ्यात आतला पडदा सरकला.

६

मंदाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तो मधल्या मेजावर ठेवला. कपांच्या मधोमध एक खटका होता, नवा कोरा. त्याची पितळी टोपी उन्हात चमकत होती.

"झडती कशाला?" त्या म्हणाल्या. "माजघरात धान्याच्या कोठ्यांमागे सगळं आहे. वायरीसुद्धा. कोणीतरी उचलायला या, मला एकटीला पेलणार नाही."

"मंदा, आत जा," मुकुंदराव म्हणाले.

"नाही जात."

आवाज मोठा नव्हता, पण मुकुंदराव खुर्चीत बसले ते जणू कोणी खांद्यावर दाबून बसवल्यासारखे. मग तेच बोलू लागले.

"मला त्या तारा घेऊन काय करायचं होतं? विकणार होतो थोड्याच! दरबार गेला. मोतीमहाल चालला. भोपाळला मला कोणाच्या तरी टेबलाच्या कडेला बसवणार आहेत. या गावात एक गोष्ट माझ्या हातून होत होती. आणि एक बाई उठते, कार्ड टाकते, आणि मुंबईहून माल येतो! उद्या सगळेच कार्ड टाकतील. मग मला कोण विचारणार?"

राजलक्ष्मीबाईंना क्षणभर त्यांची कीव आली. त्यांनी ती येऊ दिली आणि जाऊही दिली.

संभाजीराव त्यांच्याकडे झुकले. "बाई, माल मिळाला. आता मिटवू. चोरी झाली, कोणी केली कळलं नाही, असं सांगू. ते तब्येतीचं कारण देऊन राजीनामा देतील. घराण्याची अब्रू आहे."

"माझी नव्हती?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "भरल्या सभागृहात माझा हिस्सा काढला गेला, माझ्या मुलींसमोर. दौलतसिंहाला चार दिवस कोणी काम दिलं नाही. तेव्हा अब्रूची आठवण कोणाला झाली? त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर खरं सांगितलं जाईल. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"आपण फार कठोर आहात, बाई."

"होय."

संभाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. सोमवारी त्यांनी सांगितलं. अडखळत, मध्ये पाणी पीत, पण नाव घेऊन सांगितलं. मुकुंदराव आले नाहीत.

मग शाळेत कामाची धांदल उडाली. निरीक्षक यायच्या आत सगळं बसवायचं होतं. एक होल्डर वाटेत तडकलेला निघाला आणि फ्यूज तर ऑर्डरमध्ये लिहायचेच राहिले होते. राजलक्ष्मीबाईंनी रघुनाथरावांकडे निरोप धाडला. ते स्वतःच सामान घेऊन आले, चिठ्ठीचं नाव न काढता. शिडीवर दौलतसिंह होता. दोघं अजूनही बोलत नव्हते, त्यामुळे रघुनाथराव भिंतीला सांगत आणि दौलतसिंह छताला उत्तर देत असे. पितळी खटके रघुनाथरावांनी दाबून पाहिले. "माल चोख आहे," ते नाखुशीने म्हणाले. "पण बिघडला तर मलाच बोलवाल ना?"

"तुम्हालाच. आणि तुमच्याकडे नसेल ते मुंबईहून मागवीन. दोन्ही चालू राहील. कोणाला रुसायचं असेल त्याने रुसावं."

निरीक्षक आले, दिवे लावून-विझवून पाहिले, विजेची घंटा वाजवून पाहिली आणि मंजुरीवर सही करून गेले. त्यांच्या खात्याची सामानाने भरलेली मोटार फाटकाबाहेर उभीच होती.

७

नव्या राज्याच्या पहिल्या आठवड्यात मुकुंदराव भोपाळला गेले. ते एकटेच गेले, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी मंदाताई शाळेत आल्या. सराफ्यातून भर बाजाराच्या वेळेला टांगा आणला होता, टप खाली पाडून. पायाशी पत्र्याची ट्रंक. दुकानांतून लोक वाकून बघत होते आणि त्या समोर बघत बसल्या होत्या.

राजलक्ष्मीबाई फाटकापर्यंत आल्या. काय विचारावं ते त्यांना सुचेना.

"त्यांनी विचारलं, माझ्याबरोबर येतेस की त्या बाईच्या बाजूने राहतेस," मंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाजू खऱ्याची. तर म्हणाले, मग राहा. राहिले."

"बोर्डिंगात खोली आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मुलींच्या स्वयंपाकाला एक जाणती बाई हवीच होती..."

"स्वयंपाक करायला नाही आले. तो जन्मभर केला." त्यांनी ट्रंकेची कडी धरली. राजलक्ष्मीबाईंनी दुसऱ्या बाजूची धरली आणि दोघींनी मिळून ती खाली घेतली.

"मग काय कराल?"

मंदाताईंनी पटांगणापलीकडे पाहिलं. प्रयोगशाळेत मुलींचा तास चालू होता आणि दारे उघडी होती.

"मागच्या बाकावर जागा असेल तर बसेन म्हणते," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात, मला न विचारता लपवून ठेवलेली ती चीज नक्की करते काय, ते तरी कळू दे."